तीन थोर पुरुष, एक वल्हे

पॉल सिन्याक (1863–1935) हा फ्रेंच चित्रकार टिंबाटिंबांनी रंगवलेल्या चित्रांसाठी ओळखला जातो. आयुष्यभरात त्याने एकूण 32 होड्या बाळगल्या, ही माहिती मात्र पुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकलेली असते. वास्तविक टिंबांची कल्पना मुळात जॉर्ज सरा या चित्रकाराची. होड्या पूर्णपणे सिन्याकच्या. बत्तीस म्हटल्यावर आरमार डोळ्यांसमोर आणण्याचे कारण नाही. यातल्या सुरुवातीच्या होड्या अगदी किरकोळ होत्या. एक माणूस बसला की बसायची जागा संपली. एक होडी घ्यायची, तिच्या सगळ्या खोडी कळल्या की दुसरी बघायची, आणि दुसरी घेताना पहिलीतला एकही दोष आठवायचा नाही, हा हौशी होडीवाल्यांचा सगळीकडचा रिवाज आहे. सिन्याकने तो पन्नासेक वर्षे नेटाने पाळला.

हौशी होडीवाला म्हणजे ज्याच्या होडीतून ना मासळी येते, ना माल, ना उतारू, असा इसम. पोटासाठी पाण्यावर जाणारा माणूस होडीला नाव देताना थट्टा करत नाही. कोकणातल्या बंदरांत एकवीरा, महालक्ष्मी ही नावे दिसतात. ब्रिटनीच्या कोळ्यांच्या होड्यांवर संत आणि मरियम असतात. वादळ गाठ पडले तर कोणाचा धावा करायचा, ते फळीवर आधीच रंगवून ठेवलेले बरे. हौशी माणसाला ही चिंता नसते. त्याची होडी नदीत उलटली तर तो पोहत काठावरच्या खानावळीत जातो आणि कपडे वाळेपर्यंत वाइन मागवतो. होडीपासून त्याला कसलेच उत्पन्न नसल्यामुळे तिचे नाव हीच काय ती कमाई, आणि ती तो मन लावून करतो.

या नावांचा एक नियम आहे. होडी जितकी लहान, तितके नाव अवखळ किंवा अवजड. होडीची लांबी वाढू लागली की नावाला सभ्यता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसजवळ सेन नदीवर चित्रकार-लेखकांनी ज्या होड्या बाळगल्या, त्यांत हा नियम जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल.

त्याला नदीची ठेवण कारण आहे. पॅरिस ओलांडल्यावर सेन सरळ समुद्राकडे न जाता मोठमोठी वळणे घेत राहते. अस्निएर, आर्जांतय, शातू ही गावे या वळणांवर आहेत. आगगाडी 1837 सालीच अस्निएरवरून जाऊ लागली आणि 1851 साली आर्जांतयला पोचली, तेव्हापासून सँ-लाझार स्थानकावर तिकीट काढणारा कोणीही कारकून रविवारी सकाळी अर्ध्याएक तासात नावाडी होऊ शकत असे. आर्जांतयपाशी पात्र रुंद आणि खोल, म्हणून वल्ह्यांबरोबर शिडेही आली. पॅरिसच्या शिडवाल्यांचा क्लब, ‘सेर्क्ल द ला व्हॉल द पारी’, 1858 साली निघाला. त्याचा तळ बरीच वर्षे आर्जांतयच्या समोरच्या काठावर, पती-जेन्व्हिलिए येथे होता. 1867 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी शिडांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती इथेच झाल्या. नदीवर वारा असेलच याची खात्री कोणी देत नसे. वारा नसला की शर्यतीतल्या होड्या प्रवाहाबरोबर एकाच वेगाने खाली सरकत, आणि अशा वेळी एकमेकांच्या होड्यांची नावे वाचण्यापलीकडे कोणालाच काम नसे.

या मंडळींत आद्य मान शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी याचा. त्याने 1857 साली एक जुनी तरीची होडी घेतली, तिच्यावर फळ्यांची खोली उभारली आणि सेन, वाझ या नद्यांतून चित्रे काढत फिरू लागला. होडी पेटीसारखी दिसे. तिचे नाव पडले ‘बोतँ’. हे नाव पाहिले तर साधेच आहे. दोबिन्यीने सगळी हौस हुद्द्यांत भागवली. स्वतः तो कप्तान. मुलगा कार्ल हरकाम्या पोऱ्या. थोर निसर्गचित्रकार कोरो याला मानद अ‍ॅडमिरल नेमण्यात आले, आणि ती पदवी त्याने कोरड्या जमिनीवरून भूषवली. आरमारात एकूण होडी एक, अधिकारी तीन. या जलप्रवासांवर दोबिन्यीने ‘होडीतला प्रवास’ नावाचा कोरीव चित्रांचा संच 1862 साली प्रसिद्ध केला. त्यात नदीकाठची रम्य दृश्ये आहेत. पण कलावंताची जेवणे, झोप आणि झोपेचे खोबरे हेही विषय तितक्याच आस्थेने घेतलेले आहेत.

क्लोद मोने 1871 साली आर्जांतयला राहायला आला तेव्हा त्यानेही दोबिन्यीचा कित्ता गिरवला. होडी घेतली, वर खोली बांधली, आणि तिला सगळे नुसते ‘बातो-आतलिए’, म्हणजे तरंगता स्टुडिओ, म्हणू लागले. 1874 साली एदुआर माने याने मोनेला या होडीत काम करताना रंगवले. चित्रात मोने कनातीखाली बसून पाणी रंगवतो आहे आणि मागे खोलीच्या दारात बायको कामीय बसलेली आहे. घरचे माणूस होडीवर येते ते होडीच्या प्रेमाने की नवऱ्यावर नजर ठेवायला, हे कोणत्याही देशातल्या अशा चित्रांवरून नक्की सांगता येत नाही. मोनेची होडी कामाची होती. कामाच्या वस्तूला माणूस वस्तूचेच नाव देतो. म्हणून या इतिहासात मोनेला जागा थोडी.

खरी बहार गुस्ताव्ह कायबॉतपासून सुरू होते. कायबॉत (1848–1894) श्रीमंत बापाचा मुलगा, कायद्याचा पदवीधर आणि चित्रकार. वकिली त्याने केली नाही. चित्रे काढली, मित्रांची चित्रे भरपूर पैसे देऊन विकत घेतली, भावाबरोबर टपाल तिकिटे जमवली, ऑर्किड लावली. या सगळ्यांतून उरलेला वेळ त्याने होड्यांना दिला. निदान सुरुवातीला तो उरलेला वेळ होता. पुढे चित्रांना उरलेला वेळ मिळू लागला. 1880 साली तो वर सांगितलेल्या क्लबचा उपाध्यक्ष झाला. पती-जेन्व्हिलिएला त्याने नदीकाठी घर घेतले. घराच्या शेजारी होड्या बांधण्याचा कारखाना उभा राहिला तोही त्याच्याच पैशावर. नौकाबांधणी तो आपली आपण शिकला. त्याचे आराखडे ‘ल यॉट’ या साप्ताहिकात छापून येत, आणि त्याने होड्यांना रेशमी शिडे लावली. रेशीम हलके आणि मजबूत असते हे शास्त्रीय कारण आहे. शर्यतीत हरलेल्यांना त्यातला श्रीमंतीचा भाग आधी दिसला असणार.

कायबॉतच्या आरंभीच्या होड्यांची नावे सोज्वळ आहेत: इरिस, इनेस, काँदोर. हा गृहस्थ आता ‘आशा’ आणि ‘उषा’ अशीच नावे ठेवणार, असे वाटत असतानाच ‘क्यु-ब्लां’ येते. पक्षिशास्त्रात हे शेपटीच्या बुडाशी पांढरा ठिपका असलेल्या एका पाखराचे नाव आहे. पक्षिशास्त्राबाहेर त्याचा अर्थ सरळ ‘पांढरा कुल्ला’ असा होतो. क्लबच्या वार्षिक जेवणाला आलेल्या बायकांनी विचारले तर पाखरू पुढे करायचे, अशी ही सोय. पुढची ‘मूकेत’ त्याहून धीट. मूकेत ही झोलाच्या ‘जेर्मिनाल’ या 1885 च्या कादंबरीतली खाणकामगार पोरगी. एखाद्याबद्दलचा तिरस्कार ती शब्दांनी व्यक्त करत नाही. पाठ फिरवते, वाकते आणि घागरा वर करते. शर्यतीच्या होडीला हे नाव किती नेमके आहे ते कळायला नदीवर जावे लागते. होडीचे नाव मागच्या फळीवर असते, आणि ते वाचण्याची पाळी मागे पडलेल्यांवरच येते.

1892 साली कायबॉतने ‘रोस्तबिफ’ बांधली. शिडाचे क्षेत्रफळ 30 चौरस मीटर ठरवून त्या मर्यादेत होडी वेगवान कशी होईल, या त्याच्या खटपटीतली ही एक. भाजलेल्या गोमांसाचा हा इंग्रजी पदार्थ फ्रेंच लोक इंग्रज माणसाला चिडवायलाही वापरतात. नौकानयनाची टोपी, भाषा, नियम, सगळेच इंग्लंडहून आयात केलेल्या क्लबात हे नाव कोणाला खुपले आणि कोणाला गुदगुल्या करून गेले, याचा अंदाज वाचकाने करावा. दोनच वर्षांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी, कायबॉत वारला. आपला चित्रसंग्रह तो सरकारला देऊन गेला. माने, मोने, रन्वार, सेझान यांची ती चित्रे फुकट घ्यावीत की नाही, यावर सरकारने दोन वर्षे विचार केला आणि शेवटी निम्म्याहून थोडी अधिक तेवढी ठेवून घेतली. होड्यांबद्दल सरकारला काही विचारण्यात आले नव्हते, त्यामुळे त्या वेळेत मार्गी लागल्या. ‘रोस्तबिफ’ची एक प्रतिकृती पुढे शातूच्या हौशी मंडळींनी बांधली आहे.

गी द मोपासाँ हा कथाकार वल्हेवाला. 1872 ते 1878 अशी सहा वर्षे तो नौदल मंत्रालयात कारकून होता. आठवडाभर फ्रान्सच्या आरमाराची कागदपत्रे खालवर करायची आणि शनिवारी संध्याकाळी खऱ्या पाण्याकडे पळ काढायचा, असा त्याचा क्रम. नोकरीचा त्याला मनस्वी कंटाळा होता. समुद्राचा संबंध येईल अशा एकमेव कचेरीत बसून समुद्र एकदाही दिसू नये, याने कोणीही नदीवर जाईल. ‘मूश’ या 1890 च्या कथेत त्याने त्या दिवसांचे चित्र काढले आहे. पाच कफल्लक मित्र, पाचांत मिळून एक होडी आणि पुढे पाचांत मिळून एक मैत्रीण. होडीचे नाव ‘उलटे पान’. झाडाच्या पानाची मागची बाजू दिसायला झाडाखाली उताणे पडावे लागते, आणि फ्रेंच वाक्प्रचाराप्रमाणे तसे एकटे कोणी पडत नाही. एवढे खुलासेवार नाव पाच जणांच्या वर्गणीतल्या होडीलाच शोभते.

मोपासाँचे पुढे नशीब उघडले. ‘बेल-आमी’ ही कादंबरी 1885 साली निघाली, धडाधड खपली, आणि वल्ह्यांची होडी जाऊन भूमध्य समुद्रावर शिडाची यॉट आली. तिचेही नाव ‘बेल-आमी’. कादंबरीचा नायक बायकांच्या मदतीने एकेक पायरी चढत जाणारा देखणा लबाड आहे; पण तो खपला होता, म्हणून यॉटच्या फळीवर प्रतिष्ठित झाला. 1888 साली मोपासाँने आणखी मोठी यॉट घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘बेल-आमी दुसरी’. कादंबरीचा दुसरा भाग त्याने लिहिला नाही, यॉटचा काढला. ‘उलट्या पाना’पासून स्वतःच्या पुस्तकाच्या जाहिरातीपर्यंतचा हा प्रवास वरच्या नियमाला धरून आहे. जागा वाढली, भाड्याचे खलाशी आले, आणि विनोद धक्क्यावरच राहिला.

आता सिन्याक. खोगीरे-लगाम विकणाऱ्या खात्यापित्या घरातला हा मुलगा. बाप 1880 साली वारल्यावर कुटुंब अस्निएरला, म्हणजे नदीकाठीच, राहायला आले. पोराला शाळेपेक्षा नदी आवडली आणि नदीइतकाच मोंमार्त्रचा ‘शा न्वार’ हा कॅफे. 1882 साली त्या कॅफेच्या नियतकालिकात त्याचे लिखाणही छापून आले. याच वयात त्याने आपली पहिली होडी घेतली. ती पेरिस्वार जातीची होती: लांबट, निमुळती, उथळ, दोन्ही टोकांना पाते असलेल्या एका वल्ह्याने चालणारी. बसणारा एक. तिचे नाव त्याने ठेवले ‘माने-झोला-वाग्नर’.

या नावाकडे नीट पाहावे. माने याच्या ‘ऑलिंपिया’ या चित्रावरून 1865 च्या सरकारी प्रदर्शनात असा गदारोळ झाला होता की पहारेकरी ठेवावे लागले. वाग्नरचा ‘टानहॉयझर’ 1861 साली पॅरिसच्या ऑपेराघरात शिट्ट्या मारून बंद पाडण्यात आला होता. झोलाच्या कादंबऱ्यांना सभ्य वर्तमानपत्रे गटार म्हणत. चित्र, संगीत, साहित्य या तिन्ही खात्यांत घरच्या वडीलधाऱ्यांचे डोके उठवणारी जी तीन माणसे, ती तिन्ही सिन्याकने एका फळीवर आणून बसवली. पेरिस्वारची पाण्यावर दिसणारी बाजू वीतभरही उंच नसते. तिच्यावर जोडरेघांसकट हे नाव मावायचे तर माने नाळेपाशी, झोला वल्हेकऱ्याच्या मांडीशी आणि वाग्नर पार मागच्या टोकाला अशीच वाटणी होणार. वजनाच्या दृष्टीनेही ती बरोबर आहे. वल्हे मारणारा मात्र एकटाच, आणि लाटेचा जरा धक्का बसला की आधुनिक कला तिन्ही शाखांसकट पाण्यात.

नंतरच्या एका होडीचे नाव ‘ल हरँ सोर एपिलेप्तिक’. हरँ सोर म्हणजे खारवून धुरी दिलेला मासा. कोकणच्या वाचकाने ‘मिरगी आलेला सुका बांगडा’ असे समजावे; मासा निराळा, पण मुद्दा पोचतो. शार्ल क्रो या कवीची सुक्या हरँवरची एक निरर्थक कविता तेव्हा कॅफेंतून मोठ्या गांभीर्याने म्हटली जाई, त्यामुळे मासा कुठून आला ते सांगता येते. मिरगी कशी आली ते होडीत बसल्यावरच कळत असावे. आणखी एक होडी ‘ल तब’, म्हणजे आंघोळीचा टब. हौशी होडीवाल्याने इतके प्रामाणिक नाव ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत.

शिडाच्या नादात सिन्याकची कायबॉतशी मैत्री जमली. दोघांची चित्रे एकमेकांशी जुळत नव्हती; वारा कुठून येतो यावर मात्र एकमत होऊ शकत असे. होड्या वाढत गेल्या आणि 1892 साली सिन्याकजवळ समुद्रावर जाणारी यॉट होती. ब्रिटनीहून ती त्याने बोर्दोला आणली, तिथून नद्या आणि दक्षिणेचा कालवा यांतून देश आडवा ओलांडून भूमध्य समुद्रात उतरवली, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सँ-त्रोपे या तेव्हाच्या लहानशा मासेमारी बंदरात नेली. कालव्यावरच्या बुटक्या पुलांखालून डोलकाठी उभी ठेवून जाता येत नाही. वाटेतला बराच काळ शिडाची ही देखणी यॉट डोलकाठी आडवी टाकून मालवाहू पडावांच्या रांगेत चालली असणार.

वाटेत त्याच्याबरोबर काही काळ तेओ व्हान रिसलबर्घ हा बेल्जियन चित्रकार होता. त्याने काढलेले ‘सुकाणूवरचा माणूस’ हे त्याच वर्षीचे चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. सिन्याक सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून बसलेला आहे, नजर पुढे, चेहऱ्यावर जग आपल्याच हुकमाने चालल्याचा भाव, आणि भोवतालचा उसळता समुद्र टिंबाटिंबांनी रंगवलेला. सिन्याक राजकीय मतांनी अराज्यवादी होता; कोणी कोणाचा धनी नसावा, असे तो मानी. होडीवर मात्र एकच धनी असतो, आणि तो कोण हे या चित्रात स्पष्ट आहे. टिंबे हलत्या होडीत बसून काढता येत नाहीत, ही अडचण त्याला लौकरच उमगली असावी. याच सुमारास तो जागेवर जलरंग वापरू लागला आणि तैलचित्रे घरी येऊन करू लागला.

या यॉटचे नाव ‘ऑलिंपिया’. पुन्हा माने, पुन्हा तेच बदनाम चित्र. पण आता साल 1892 आहे. मोनेने पुढाकार घेऊन वर्गणी जमवली होती आणि ती ‘ऑलिंपिया’ 1890 साली रीतसर सरकारच्या हवाली झाली होती. लुक्सांबूर संग्रहालयात कोणीही बायकामुलांना घेऊन जावे. पेरिस्वारवर जे नाव बापाच्या वयाच्या माणसांना चिडवण्यासाठी होते, ते यॉटवर येईपर्यंत राष्ट्रीय ठेवा झाले होते. सिन्याकचे मन बदलले नव्हते. होडी वाढली होती, आणि तेवढ्या अवधीत नावही वयात आले.

सँ-त्रोपे सिन्याकला इतके आवडले की 1897 साली त्याने तिथे घर घेतले. घराचे नाव ‘ला हून’. हून म्हणजे जहाजाच्या डोलकाठीवरचे, टेहळणीला उभे राहण्याचे मचाण. पुण्यातला माणूस निवृत्तीनंतर बंगला बांधून त्यावर ‘श्रमसाफल्य’ लिहितो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की सिन्याकने श्रमांऐवजी हौस लिहिली. होडीला चित्राचे नाव आणि घराला होडीच्या भागाचे, अशी त्याची मांडणी होती. आज त्याच बंदरात शंभर-दीडशे फुटी यॉट धक्क्याला लागतात. त्यांच्या फळ्यांवर कोणी मिरगी आलेला बांगडा लिहील, अशी आशा करू नये.

सिन्याक पुढे 1908 साली स्वतंत्र कलावंतांच्या संघाचा अध्यक्ष झाला आणि 1915 साली त्याला नौदलाचा अधिकृत चित्रकार नेमण्यात आले. दोबिन्यीने कोरोला जी पदवी गंमत म्हणून दिली होती, तिच्या जवळपासचे काहीतरी सिन्याकला सरकारी कागदावर मिळाले. 1929 साली गास्ताँ लेव्ही या व्यापाऱ्याने त्याला खर्च देऊन मोठे काम सांगितले: फ्रान्सच्या शंभर बंदरांची जलरंगात चित्रे, प्रत्येक बंदराची दोन, पैकी एक लेव्हीने निवडून घ्यायचे. एवढ्या होड्या हाताखालून गेलेला, देशाचा किनारा तोंडपाठ असलेला हा पासष्टीचा माणूस 1931 पर्यंत बंदरामागून बंदर करत फिरला. हा सगळा प्रवास त्याने मोटारीने केला, आणि मोटारीचे नाव कारखान्यातूनच ठरून आलेले होते.